आवक क्रमांक

ये, बस. पंख्याखाली नको,
तो फिरतो फक्त, वारा देत नाही.
एकतीस वर्षं मी झोन ऑफिसच्या या खिडकीत बसलोय.
विशीतल्या पोरापोरींचे अर्ज
बोटांवर मोजायला घेतले,
तर बोटं उरतात.

येतात ते जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले,
शेजाऱ्याची गॅलरी, शेजाऱ्याचा कुत्रा,
टॅक्स जास्त आला, नाव चुकीचं पडलं.
ज्याचं त्याला. बरोबरच आहे म्हणा.
पण तू, प्रणोती सहारे, बी.कॉम. दुसरं वर्ष,
तू लिहिलंस: उमरेड रोडच्या आमच्या बस स्टॉपवर सावली नाही.
आणि खाली तक्ता जोडलास.

तक्ता मी दोनदा वाचला.
अकरा दिवस, बारा ते तीन,
दर दहा मिनिटांनी किती माणसं उभी.
काही दिवस मोईननं मोजली, काही दिवस लोकेशनं,
एका दिवशी कुणीच नाही, कारण इकॉनॉमिक्सचा पेपर होता.
तेही लिहिलंस, खाडाखोड न करता.
शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात:
"बाराला विजेच्या खांबाची सावली एकीला पुरते,
अडीचला सात जणींना, एकामागे एक.
सावली सरकली की आम्हीपण सरकतो."

नागपूरचं ऊन मला शिकवू नकोस, पोरी.
खिशात कांदा ठेवून शाळेत गेलेला माणूस मी.
पण खांबाच्या सावलीत माणसं किती मावतात
हे कुठल्या कागदावर आलं नव्हतं आजवर.

आता ऐक.
"माननीय" एकदाच पुरे.
"कृपया" राहू दे, पण त्याच्यामागे लपू नकोस.
झेरॉक्सवर शिक्का घे. पुसट उठला
तर परत मारा म्हण, मलासुद्धा म्हण.
आवक क्रमांक पाठ कर हॉल तिकिटाच्या नंबरासारखा.
साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतील,
तर मीटिंग किती वाजता सुटते विचार.
आमच्याकडे नाही, परिवहनकडे जा म्हणतील,
तर हेच लेखी द्या म्हण.
बघ, खिडकी कशी चूप होते.
महिना गेला की दहा रुपयांचं तिकीट लावून
माहितीच्या अधिकारात विचार,
माझा कागद सध्या कोणाच्या टेबलावर झोपलाय?
आणि एकटी येऊ नकोस.
एकीला साहेब "बस बेटा" म्हणतात, चहा सांगतात, विसरतात.
सातही जणी या.
सातांना बसवायला आमच्याकडे खुर्च्या नाहीत,
मग साहेबालाच उभं राहावं लागतं.

कॉलेजात कोणी पोट्टा हसेल,
"काऊन वं, नगरसेविका व्हाचं हाय का?"
सांग त्याला, "नाही बाप्पा, मले फक्त बस पकडाची हाय.
अन् तूही त्याच स्टॉपवर भाजतं न रोज?"

खरं सांगू?
मीही लिहिला होता एक, बावीस वर्षांचा असताना.
आमच्या गल्लीत नळाला पहाटे तीनला पाणी यायचं,
आई तीनला उठायची.
कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला,
आज देऊ, उद्या देऊ,
आणि शर्ट धुवायला गेला.
शाईचा निळा डाग खिशावर बरेच दिवस राहिला.
पुढे मला इथंच नोकरी लागली.
आई तीनलाच उठत राहिली.

तर हा घे. चार हजार एकशे बारा.
बघ, नीट उठलाय शिक्का.
शेड होईल का, ते मी नाही सांगू शकत.
या टेबलावरून गेलेल्या कागदांचे रस्ते झालेत,
आणि वाळवीचं जेवणही झालंय.
एवढं माहीत आहे की खिशात राहिलेल्या कागदाला
नंबर पडत नाही.

उद्या माझी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो.
तक्त्यात एक ओळ वाढवून ठेव:
बारावा दिवस, दुपारी दोन चाळीस,
खांबाच्या सावलीत आठ.
शेवटचा थोडा उन्हात.